शेवटच्या बाकावरचा चष्मेवाला

माझा मोठा भाऊ आमदार आहे हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितले की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, नाव विचारतो आणि नाव ऐकले की पुन्हा पहिल्यासारखा रेलून बसतो. "असतील बुवा," म्हणतो.

दादा दोनदा निवडून आला आहे. दोन्ही वेळा त्याला सभागृहात एकच जागा मिळाली. शेवटची रांग, खांबामागे, कँटीनकडे जाणाऱ्या दाराला लागून. त्याच्या माईकचा दिवा लागतो, पण आवाज येत नाही. पहिल्या वर्षी त्याने तक्रार केली. दुसऱ्या वर्षी एक माणूस आला आणि दिवा बदलून गेला.

दादा मुळात चष्मेवाला. बाजारातल्या वळणावर त्याचे दुकान आहे. राजकारणात तो शिरला एका चुकलेल्या सहीमुळे, आणि तीही दुसऱ्याची. पक्षाचे खरे उमेदवार मोठे वजनदार गृहस्थ होते. पण कुणाचाही अर्ज ऐनवेळी बाद होऊ शकतो, म्हणून पक्ष आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतो. त्याला डमी म्हणतात. डमीने अर्ज भरायचा आणि खऱ्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत गप्प बसायचे. गप्प बसण्यात दादाचा हात धरणारा गावात दुसरा कुणी नव्हता, म्हणून त्याला बोलावले. पुढे झाले असे, की खऱ्या उमेदवारांनी सही केली ती साक्षीदाराच्या जागी. त्यांना नीट दिसत नव्हते, कारण त्यांचा चष्मा त्या दिवशी दादाच्याच दुकानात दुरुस्तीला पडला होता.

"मी सांगत होते, आधी तो चष्मा करून द्या," वहिनी अजून म्हणतात. "ऐकलं असतं तर आज माणूस घरी असता."

दादा आमदार झाल्यापासून दुकान वहिनीच बघतात. दादाच्या वक्तृत्वाबद्दल त्यांचे मत स्पष्ट आहे. "घरात हे दिवसाला तीन वाक्यं बोलतात. त्यातलं एक मांजराशी. सभागृहात काय दिवे लावणार?"

नऊ वर्षांत दादा सभागृहात चार वेळा बोलायला उभा राहिला. त्यातल्या एका वेळी तो "माझा माईक बंद आहे" एवढेच म्हणाला, आणि ते कुणाला ऐकू गेले नाही.

मात्र पहिल्याच अधिवेशनात एक गोष्ट घडली होती. शेजारच्या बाकावरच्या आमदाराच्या चष्म्याची काडी निखळून मांडीवर पडली. दादाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी इवलासा स्क्रूड्रायव्हर असतो. लग्नातसुद्धा होता, फोटोत दिसतो. त्याने तिथल्या तिथे काडी बसवून दिली. दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतून एक चष्मा आला, तिसऱ्या दिवशी विरोधी बाकांवरून दोन. चहाला जाणाऱ्या प्रत्येकाला दादाच्या बाकावरूनच जावे लागते. जाताना चष्मा द्यायचा, येताना घ्यायचा, असे सुरू झाले. पण दादाला ते पसंत नव्हते.

"चष्मा नाकावर बसवून बघावा लागतो," तो म्हणाला. "माणूस समोर पाहिजे. मी सांगतो, तीन मिनिटं बसा."

त्यामुळे लोक बसू लागले. सभागृहात त्याला सगळे 'स्क्रूवाले' म्हणू लागले. मला ते ऐकून वाईट वाटायचे. माझा भाऊ कायदे करायला गेला होता, आणि लोकांच्या काड्या पिळत बसला होता. एकदा मी तसे बोलूनही दाखवले.

"कायदे बारीक अक्षरात असतात," तो म्हणाला. "आधी दिसायला नको का?"

त्या दिवशीच्या तीन वाक्यांपैकी दोन अशी खर्ची पडली, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

मग माझ्या मुलीच्या शाळेचे निघाले.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही, म्हणून घरात तिला खारुताई म्हणतात. तिची शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. त्रेचाळीस मुले, दोन शिक्षिका, एक मुख्याध्यापिका. घरापासून चार मिनिटे. त्यातली तीन मिनिटे ती मला गॅलरीतून दिसते. उरलेले एक मिनिट मी कसे काढते ते मलाच माहीत.

आणि सरकारने विधेयक आणले. पन्नासपेक्षा कमी मुले असलेली शाळा बंद करायची, आणि एक किलोमीटरच्या आत मोठी शाळा असेल तर मुलांना तिकडे पाठवायचे. मुख्याध्यापिकांनी पालकांना बोलावून यादी दाखवली. आमची शाळा यादीत होती. मोठी शाळा आठशे मीटरवर, असे त्यापुढे लिहिले होते.

नकाशावर ते खरेही होते. फक्त मध्ये मालगाड्यांचे यार्ड होते. अकरा रूळ. रुळांवरून जायला बंदी, आणि पायी जायचे तर उड्डाणपुलाला वळसा. उड्डाणपुलाला फुटपाथ नाही. एका शनिवारी खारुताईचा हात घट्ट धरून मी तो रस्ता चालून पाहिला. तीन किलोमीटर दोनशे मीटर. पुलावर ट्रक इतक्या जवळून जात होते, की एकाच्या ताडपत्रीची दोरी माझ्या पर्सला घासून गेली. मी पलीकडे पोचले तेव्हा घामाने निथळत होते. खारुताईने वरून मालगाडीचे चौसष्ट डबे मोजले होते.

"उद्या पण येऊ या," ती म्हणाली.

घरी आल्या आल्या मी दादाला फोन लावला.

"दादा, तू आमदार आहेस ना?"

"आहे बहुतेक."

"मग हा कायदा थांबव."

"एकटा कसा थांबवणार? कायदा आमच्याच सरकारचा आहे."

"मग निदान बोल तरी. उभा राहून ओरड. पेपरात येऊ दे."

 

"अंतर कशानं मोजलं त्यांनी?" त्याने विचारले.

मला काय माहीत? मी भडकून फोन ठेवला. पण रविवारी दादा बसने आला आणि खारुताईला घेऊन तो रस्ता चालला. सोमवारी तो शिक्षण खात्याच्या कचेरीत गेला आणि अंतर मोजणाऱ्या कारकुनाला भेटला. कारकुनाने ड्रॉवरमधून प्लास्टिकची पट्टी काढून दाखवली.

"पट्टी रुळांवरून जाते," दादा म्हणाला. "पोरं कशी जाणार?"

"साहेब, विधेयकात रुळांचा उल्लेख नाही," कारकून म्हणाला. "उल्लेख असता तर आम्ही वळवली असती."

त्या कारकुनात वाईट काही नव्हते, हे दादाने मला आवर्जून सांगितले. चष्म्याचा नंबर मात्र दोन वर्षे तपासलेला नव्हता.

दादाने मग त्याच्या आयुष्यातली पहिली दुरुस्ती दिली, म्हणजे चष्म्याची नव्हे, विधेयकाची. 'एक किलोमीटरच्या आत' या शब्दांच्या पुढे त्याला एवढेच घालायचे होते, की हे अंतर मुलाला सुरक्षित वाटेने पायी चालावे लागेल तेवढे धरावे. एका ओळीचे काम. ती ओळ त्याने अर्जावर लिहिली आणि योग्य जागी सही केली.

तिसऱ्या दिवशी पक्षाच्या प्रतोदांनी त्याला बोलावले. प्रतोद म्हणजे आपल्या आमदारांनी हात कधी वर करायचा आणि कधी खाली ठेवायचा हे ठरवून देणारा माणूस. हे प्रतोद उंच, खर्जातल्या आवाजाचे, आणि चष्मा कपाळावर चढवून बोलणारे होते.

"स्क्रूवाले, आपल्याच सरकारच्या विधेयकाला आपलाच माणूस दुरुस्ती देतो? बाहेर कसं दिसेल ते?"

"तुम्हाला काहीच नीट दिसत नसेल," दादा म्हणाला. "उजवी काच खाली आलीय. द्या इकडे."

पुढे काय झाले ते दादाने मला तेव्हा सांगितले नाही. मला एवढेच कळले की प्रतोद रागावलेत. मी रोज संध्याकाळी फोन करू लागले. विधेयक चर्चेला यायला बारा दिवस होते.

"काय केलंस आज?"

"सात चष्मे."

"दादा, मी शाळेचं विचारतेय."

"हो. तेच."

दुसऱ्या दिवशी नऊ. त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा, त्यातले तीन विरोधी पक्षाचे. मी कपाळाला हात लावला. इकडे माझी झोप उडाली होती, पोरीला पुलावरून न्यायला नोकरीच्या वेळा कशा बदलायच्या याचे तक्ते मी भिंतीवर लावले होते, आणि तिकडे माझा भाऊ सभागृहात दुकान मांडून बसला होता. मी वहिनींना फोन केला.

"त्याला कुणीतरी सांगा हो, भाषणाची तयारी करायला."

"अगं, भाषण कसलं," वहिनी म्हणाल्या. "परवा माझ्याकडून दोनशे स्क्रू मागवून घेतलेत. एवढे तर मला सहा महिने पुरतात."

चर्चेच्या दिवसाचा पास दादाने मला पाठवला. मी रजा टाकली, खारुताईला शेजारच्या काकूंकडे ठेवले, त्यांना आठ सूचना लिहून दिल्या, बसस्टँडवरून फोन करून नववी दिली आणि दोन तासांचा प्रवास करून प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले.

वरून सभागृह म्हणजे नुसती टकली आणि केस. दादा खांबामागे होता. त्याचे एक कोपर तेवढे दिसत होते. मी त्या कोपराकडे दीड तास बघत बसले. मंत्री बोलले. विरोधी पक्षाच्या वकीलबाई तावातावाने बोलल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शिक्षणाविषयी सुरू होऊन स्वतःच्या बालपणावर गेले आणि तिथेच राहिले. मग एकेक कलम घेणे सुरू झाले. अध्यक्षांनी दादाचे नाव पुकारले आणि दुरुस्ती मांडायला सांगितले.

दादा उभा राहिला. माईकचा दिवा लागला. दादाचे ओठ हलले.

"सन्माननीय सदस्य, ऐकू येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

दादाने पुन्हा ओठ हलवले.

"जरा मोठ्यानं बोला."

तेव्हा दादाने नरड्याच्या शिरा ताणल्या आणि नऊ वर्षांतले त्याचे पहिले वाक्य सगळ्या सभागृहाला स्पष्ट ऐकू गेले.

"मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

आणि तो खाली बसला.

माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रकची दोरी आली. मी उठले. सज्जाच्या दारातला रखवालदार म्हणाला, "बाई, कलम संपेपर्यंत मधेच जाता येत नाही."

"माझ्या पोटात दुखतंय," मी म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

बसस्टँडवरच्या बाकावर मी तास-सव्वा तास बसले होते. मनातल्या मनात दादाशी भांडून झाले, वहिनींशी झाले, गेलेल्या आई-बाबांनाही दोन शब्द सुनावून झाले. मग दादा आला. हातात बिस्किटांचे दोन पुडे. चेहरा असा, की जणू मनात लाडू फुटत होते.

"खारुताईला," पुडे पुढे करून तो म्हणाला.

मी घेतले नाहीत. बस आली, मी खिडकीशी बसले आणि तोंड बाहेर वळवले. तो शेजारी बसला. शहर संपेपर्यंत मी दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

"रागावलीस," तो शेवटी म्हणाला.

"नाचू का मग?"

"मला वाटलंच होतं तुला आवडणार नाही. पण नावात काय आहे? काम झाल्याशी मतलब."

"कोणाचं काम झालं? प्रतोदांचं?"

"त्यांचंही झालं."

मी त्याच्याकडे वळले. इतका निर्लज्ज तो कधीच नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले.

"चष्मा दे बघू. डावी काडी सैल झालीय."

"मला नको तुझी काडी."

"दे गं. नाकावर घसरतोय. डोकं दुखत असेल."

डोके दुखत होतेच. मी चष्मा काढून त्याच्या हातावर जवळजवळ आपटला. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. माझा नंबर मोठा आहे. चष्म्याशिवाय मला बसमधल्या माणसांच्या जागी रंगीत गाठोडी दिसतात. उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसायचे म्हटले तरी कुणाच्या मांडीवर बसले असते देव जाणे. तेव्हा मी जागच्या जागी बसून राहिले, आणि दादा हलकेच स्क्रू फिरवत बोलू लागला.

"प्रतोदांचा चष्मा घेतला ना त्या दिवशी, तेव्हा त्यांना विचारलं, तुमच्या भागात तो मोठा कालवा आहे, त्याच्या पलीकडे शाळा किती? ते म्हणाले, चार. म्हटलं, पूल कुठे? म्हणाले, पाच किलोमीटरवर. म्हटलं, पट्टीनं किती? चष्मा माझ्या हातात होता, जातात कुठे? विचार करत बसले."

त्याने काडी उजेडात धरून पाहिली.

"मग जो येईल त्याला तेच विचारत गेलो. भाषण नाही हं. फक्त, तुमच्याकडे मध्ये काय आहे? कुणाकडे नदी, कुणाकडे महामार्ग, एकाकडे लष्कराचं कुंपण. चहाला पुढच्या रांगेतलेही येतात, पण त्यांना घाई असते. मागच्या रांगांतली माणसं निवांत. त्यांना कुणी काही विचारतच नाही. विचारलं की खुशीनं बोलतात."

"रोज सात-नऊ जणं?"

"शेवटी शेवटी चांगले चष्मेही आणायला लागले. नुसतं बोलायला."

त्याने माझी काडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आज सकाळी पक्षाची बैठक झाली. मंत्री म्हणाले, एका माणसासाठी विधेयक बदलायचं नाही. प्रतोद म्हणाले, ज्यांना बदल हवाय त्यांनी हात वर करा. पुढून एक नाही. मागून एकोणीस. सरकारचं बहुमत चौदाचं आहे. प्रतोदांनी दोनदा मोजले. दुसऱ्यांदा वीस भरले."

"विसावा कोण?"

"मोजता मोजता त्यांचा स्वतःचाच हात वर राहिला. कालवा त्यांचाच ना."

 समोर गाठोडी हलत होती.

"मग मंत्री मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या नावानं दुरुस्ती मान्य केली तर उद्या प्रत्येक जण उठेल. तुम्ही मागे घ्या, मी सरकारतर्फे मांडतो. मी विचारलं, शब्द तेच राहतील? म्हणाले, तेच. म्हटलं, मग नाव कुणाचंही घाला. मी मागे घेतली, त्यांनी लगेच मांडली. दोन मिनिटं लागली. तू वरून पाहिलंसच."

मी वरून पाहिले नव्हते. त्या दोन मिनिटांत मी पोट धरून जिना उतरत होते.

ते दादाला सांगायला मला एक अख्खे गाव ओलांडावे लागले. त्याने ऐकून घेतले. हसला नाही. फक्त म्हणाला, "म्हणजे तू स्टँडवर बसून एवढा वेळ…"

"हो."

"मलाही शिव्या घातल्यास?"

"सगळ्यांनाच घातल्या."

"बाबांना?"

"थोड्या."

मग मात्र तो असा हसला, की पुढच्या सीटवरच्या गाठोड्याने वळून पाहिले. त्याने चष्मा माझ्या नाकावर चढवला, कानामागे बोट फिरवून पाहिले आणि खिशातून चौघडी केलेला कागद काढून दिला. वर मंत्र्यांचे नाव होते. खाली ती एक ओळ, शब्दन् शब्द दादाची. मी ती तीनदा वाचली. अक्षर खरोखरच बारीक होते, पण आता स्वच्छ दिसत होते.

"आणि तुला काय मिळालं?" मी विचारले.

"माईक दुरुस्त करून देतो म्हणाले."

मी बिस्किटांचे पुडे त्याच्या मांडीवरून उचलून माझ्या पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी पेपरात मंत्र्यांच्या संवेदनशीलतेवर पाव पान होते. यादी पुन्हा झाली, त्यातून आमची शाळा गळली. खारुताईला जरासे वाईट वाटले, कारण मालगाडीचे डबे हुकले. मी भिंतीवरचे तक्ते काढले आणि तीन मिनिटे गॅलरीत उभी राहू लागले. चौथे मिनिट अजूनही तसेच जाते.

महिन्याभराने शाळेने मंत्र्यांचा सत्कार ठेवला. पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मंत्री आणि त्यांच्याबरोबरची माणसे. दादालाही बोलावले होते. मी त्याला पुढे चल म्हणून दंडाला धरून ओढले, पण तो शेवटच्या रांगेत पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसला. माझी खुर्ची त्याच्या पलीकडे. मंत्र्यांनी सुरक्षित वाटेवर मोठे सुंदर भाषण केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खारुताईने सगळ्यांत जास्त वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावरही वाजवल्या.

मुख्याध्यापिकांना शेवटी आभार मानायचे होते. त्याआधी घोटभर पाणी प्यायला त्या पिंपाशी आल्या. वाकल्या, आणि साखळीला अडकवलेला त्यांचा चष्मा ग्लासावर आपटून वाकडा झाला.

"द्या इकडे," दादा म्हणाला. "आणि बसा जरा."

त्या बसल्या. व्यासपीठावरून कुणीतरी त्यांचे नाव पुकारत होते.

"मघाशी आलो तेव्हा पाहिलं," दादा स्क्रूड्रायव्हर काढत म्हणाला. "मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही. कधीपासून नाही?"

"दोन वर्षं झाली हो. अर्ज दिलाय. तो चष्मा, मला वाटतं, आता—"

"होतोय, होतोय. अर्ज कुणाकडे दिला होता?"

व्यासपीठावरून पुन्हा नाव पुकारले. मुख्याध्यापिकांनी अंदाजाने त्या दिशेला मान वळवली आणि पुन्हा दादाकडे.

"झाला का हो?"

"एक फेरा राहिलाय," दादा म्हणाला.